चार पडद्यांमधली वाट

पूल संपून चढ लागला तेव्हा धाकटीनं बाबागाडीच्या दांडीवरचा एक हात काढून कपाळावरचा घाम पुसला. अजून निम्मा रस्ता बाकी होता.

"दमलीस?" थोरलीनं विचारलं.

"नाही हो जाऊबाई."

"मग ही धाप कोणाची? गाडीची?"

धाकटी हसली आणि दोन्ही हात पुन्हा दांडीवर ठेवले. दोघी जावा-जावा. थोरली बासष्टची. अठ्ठावीस वर्षं गिरणीत कापड विणलेलं, त्यामुळे हातांवरच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आलेल्या. धाकटी तिच्याहून तीन वर्षांनी लहान, प्राथमिक शाळेत शिकवून गेल्याच वर्षी निवृत्त झालेली. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. थोरलीनं सकाळी दारात येऊन "चल, एक ओझं आणायचंय" म्हटलं, तेव्हा धाकटीनं कसलं ओझं हेही विचारलं नव्हतं. चपला घातल्या आणि निघाली.

आता तिला कळलं होतं. बाबागाडीत चार मॉनिटर होते. दोन-दोनाची जोडी, तोंडाला तोंड लावून झोपवलेले, मधे गोधडीच्या घड्या, वरून बाळाचं पांघरूण. त्यांचे पाय सुटे करून धाकटीच्या खांद्यावरच्या पिशवीत. बसवाल्यानं काच बघून चढू दिलं नाही, आणि खोदलेल्या रस्त्यावरून रिक्षात न्यायला थोरली तयार नव्हती. "हाडं मोडली तरी जुळतात, ह्यांचं तसं नाही," म्हणाली.

चढावर एक म्हातारी समोरून आली, गाडीपाशी थांबली आणि कौतुकानं वाकली.

"किती महिन्यांचं?"

"सात वर्षांचे आहेत," थोरली म्हणाली. "चौघं."

म्हातारी पांघरुणाचं टोक उचलून आत बघत राहिली. मग थोरलीकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं आणि लगबगीनं चालू पडली. पुढची पन्नास पावलं दोघींना हसू आवरेना.

हसणं संपल्यावर धाकटीनं सकाळपासून पोटात ठेवलेला प्रश्न काढला. "पण जाऊबाई, एक पुरत नाही का हो? चार कशाला?"

"मी किती माग चालवायचे?"

"चार."

"मग?"

धाकटीला हे उत्तर वाटलं नाही, पण थोरलीला वाटलं. गिरणीत बहुतेक बायकांकडे दोन माग असत. थोरलीकडे चार. तिला तिथं नावानं कोणी ओळखतच नसे, 'चारमागवाली' म्हणत. मुकादमानं एकदा पाचवा देऊ केला होता, तर हिनं हात जोडून परत केला. "पाचवा घेणारीचे पाचही बिघडतात," म्हणायची. आज एका बंद पडलेल्या ऑफिसात, जिथं पूर्वी शंभर माणसं फोन घेत बसायची, तिथल्या ढिगातून मॉनिटर निवडतानाही तिचं तेच. प्रत्येक लावून बघितला, पांढरं पान आणून मेलेले ठिपके शोधले, पाठीला नाक लावून जळका वास येतो का ते हुंगलं. एक मोठा, चकचकीत, त्याच भावात मिळत होता. तो नाही घेतला. चारही एकाच लॉटचे पाहिजेत. "दोन लॉटचं सूत एका कापडात घातलं की पट्टा दिसतो. नजर तिथंच अडकते." विकणारा हात टेकून म्हणाला, "मावशी, तुम्ही मॉनिटर घेताय की जावई?"

गिरणी बंद झाल्यावर थोरली दोन वर्षं मोबाईलवर शेअर बघत होती. पहिल्या वर्षी हात पोळला. कोणी सांगेल ते घेतलं, आणि दुसरा कोणी सांगेल तेव्हा विकलं. मग ती शहाणी झाली. जे आपल्याला कळतं तेवढंच बघायचं, असं ठरवलं. कापूस पिंजणारी एक कंपनी, सूत काढणारी एक, कापडाचे रंग करणारी एक आणि तयार कपडे शिवणारी एक. बस्स. चार. सुताचा भाव चढला की शिवणाऱ्याच्या पोटात कधी दुखायला लागतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण मोबाईलवर एका वेळी एकच दिसायची. एकीकडे बघेपर्यंत दुसरीचा धागा तुटलेला.

धाकटीच्या मनात मात्र एक काटा होता. शेअर म्हणजे जुगार, आणि जुगारानं भल्याभल्यांची घरं बसली, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. ती फार देव-देव करणारी नव्हती. सकाळी आंघोळीनंतर आणि जाता-येता मनातल्या मनात नाव घ्यायची, एवढंच. आज चढावर गाडी ढकलताना तिनं दोनदा मनात म्हटलं, देवा, मी फक्त ढकलतेय.

थोरलीच्या ते ध्यानात आलं असावं. "ओठ काय हलवतेस? माझ्यासाठी क्षमा मागतेस का?"

"तसं नाही हो."

"मागून ठेव. स्वस्तात मिळते तोवर."

पण खरी गोष्ट निराळीच होती, आणि ती दोघींनाही ठाऊक होती. ही बाबागाडी थोरलीच्या मुलानं तिच्याकडे मुद्दाम ठेवली होती. बाळ आठ महिन्यांचं. सुनेची रजा महिनाअखेरीला संपत होती. मुलाचं म्हणणं, आईनं हे घर बंद करावं आणि आपल्याकडे राहायला यावं. बाळाला आजी मिळेल, आणि आजी एकटी राहणार नाही. थोरलीला नातू जीव की प्राण. पण हे घर तिनं मागावर उभं राहून बांधलेलं. आणि तिला वाटे, आपल्यात अजून काम शिल्लक आहे.

"मलाही काम आहे," ती मुलाला म्हणाली होती.

"आई, मोबाईलवर बोट फिरवायला काम म्हणत नाहीत. कामाला कामाची जागा लागते."

हे वाक्य तिला झोंबलं. "ठीक आहे," तिनं सांगितलं, "बुधवारी सुट्टी काढून ये. कामाची जागा दाखवते. तुला पटलं तर मी इथंच राहीन. नाही पटलं तर त्याच दिवशी तुझ्याबरोबर निघेन."

ती बुधवारपर्यंतचे दिवस मोजत होती. आज शुक्रवार.

---

शनिवारी सकाळी टेस्टर आला. जिन्याखालच्या टपरीत पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर. पन्नाशी उलटली तरी टेस्टर कानामागेच खोचलेला, म्हणून ते नाव. त्याची आई गिरणीत थोरलीच्याच पाळीला होती, त्यामुळे थोरली त्याला अरे-तुरे करायची.

त्यानं टेबलावर एक काळा डबा ठेवला. कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेला. "नवीन घ्याल तर दुचाकी येईल त्यात, मावशी. हा जुना असला तरी डोकं शाबूत आहे. मेमरी दुप्पट केलीय, जुनी डिस्क काढून नवी पटपट चालणारी बसवलीय. तुम्हाला काही सिनेमा बनवायचा नाही. भाव बघायला हा म्हणजे डोक्यावरून पाणी."

झाकण उघडून त्यानं ब्रश मारला तशी अख्खी खोली शिंकली. थोरली चष्मा नाकावर सरकवून आत वाकली.

"हे काय?"

"पंखा."

"कोणाला वारा घालतो?"

"त्याच्याखाली मेंदू आहे, त्याला."

"आणि पंखा अडकला तर?"

"तर मेंदू आपण होऊन झोपतो."

"शहाणा आहे," थोरली म्हणाली. "गिरणीत नव्हतं असं."

धाकटी आधी खाटेवर बसून बघत होती. मग उभी राहिली. मग तीही वाकली. आतली ती हिरवी पाटी, तिच्यावरच्या सोनेरी रेघा, बोटाच्या पेराएवढे चौकोन. तिला तिच्या वर्गातला तो मुलगा आठवला जो गणवेशाची बटणं उघडून आत काय आहे बघायचा. वय काही फार आड येत नाही, तिला वाटलं.

टेस्टरनं खिशातून एक कार्ड काढलं. "डब्याला मॉनिटर लावायचं तोंड एकच. हे कार्ड बसवलं की ह्याची तीन तोंडं मिळतात. चार तोंडांचं दुप्पट महाग."

"ह्याची तीन, डब्याचं स्वतःचं एक. चार झाले ना?"

टेस्टरनं कान खाजवला. "गणितात होतात."

"गणितात झाले की बाकीचं तुझ्यावर."

कार्ड खाचेत बसलं. वायरी लागल्या. बटण दाबलं तसा पहिला मॉनिटर उजळला, दुसरा उजळला, तिसरा उजळला. चौथ्यावर 'सिग्नल नाही' एवढे दोन शब्द आले आणि तो काळा पडला.

"मॉनिटर गेला," टेस्टर म्हणाला. "चारात एक निघतोच. दैवाचा भाग."

"दैवाला नंतर बोलावू. आधी थांब." थोरलीनं पदर खोचला. "मागावर धागा तुटत राहिला की मुकादम म्हणायचा विणणारी वाईट, विणणारी म्हणायची सूत वाईट. भांडून कापड होत नाही. अदलाबदल करून बघायची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन नाही."

धाकटीनं वहीच्या पानाचे तुकडे करून आकडे लिहिले आणि प्रत्येक वायरीला, प्रत्येक मॉनिटरला चिकटवले. त्यात तिचा हात बसलेला. पहिल्यांदा चौथा मॉनिटर तिसऱ्याच्या जागी लावला. उजळला. म्हणजे मॉनिटर चांगला. मग चौथी वायर तिसऱ्या तोंडाला लावली. उजळला. म्हणजे वायर चांगली. उरलं काय?

"तोंड," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात तिलाच न ओळखता येणारा उत्साह होता. "डब्याचं स्वतःचं तोंड."

टेस्टरनं कपाळावर हात मारला. "खरंच की! कार्ड बसवलं की डबा आपलं तोंड आपण मिटतो. पाहुणी आली की घरची बाई बाजूला सरकते तसं. आत जाऊन सांगावं लागतं, तूही बोल म्हणून." त्यानं डबा बंद करून पुन्हा सुरू केला, सुरू होता होता एक कळ दाबून धरली, एका निळ्या पानावर गेला आणि खाली खाली उतरत एक ओळ शोधली. ती 'बंद'ची 'चालू' केली.

चौथा मॉनिटर उजळला.

त्यावर काही नव्हतं, नुसता निळा रंग. तरी तिघंही त्याच्याकडे असे बघत उभे राहिले की जणू तिकडून कोणी बोलणार आहे. मग थोरलीनं माउस हलवला. बाण पहिल्या पडद्याच्या कडेला गेला, नाहीसा झाला आणि दुसऱ्यावर न येता थेट चौथ्यावर निघाला. "अगं बाई, हा भलतीकडेच उगवतो!" टेस्टरनं चारही पडद्यांचा क्रम ठीक लावून दिला. पण पुढचा अर्धा तास दोघी जावा आलटून पालटून बाण इकडून तिकडे पाठवत होत्या आणि टेस्टर आपला चहा आपणच करून पीत होता.

---

सोमवारी सकाळी धाकटी आली तेव्हा दारातच थबकली. खोली बदलली होती. जेवणाचं टेबल खिडकीच्या भिंतीला, त्यावर दोन मॉनिटर. समोरच्या भिंतीला शिवणयंत्राची फळी, तिच्यावर उरलेले दोन. मधे अडीच हात वाट. खुर्ची कुठंच नाही. वायरी पुरेनात म्हणून रविवारी टेस्टरकडून लांब वायरी आणल्या होत्या, त्या भिंतीच्या कडेनं नीट खिळ्यांना बांधलेल्या. दोन समोर, दोन पाठीशी, आणि मधल्या वाटेत थोरली उभी.

"हे काय हो? लोक चारही समोर लावतात ना?"

"लोक दोन माग चालवतात," थोरली म्हणाली. "माग असेच असायचे. दोन समोर, दोन पाठीशी, मधल्या वाटेत बाई. समोरचे डोळ्यांनी बघायचे, पाठचे कानांनी. पाठचा बिघडायच्या आधी त्याचा ताल चुकतो. मान न वळवता कळायचं, कुठला ते."

बाजार उघडायला दोन मिनिटं होती. थोरलीनं एकेका पडद्याच्या चौकटीवर तळहात टेकवला आणि क्षणभर तसाच ठेवला. समोरचे दोन, मग वळून पाठचे दोन. पाळी सुरू करताना ती मागांच्या तुळईवर असाच हात ठेवायची. धाकटीला कोणी सांगितलं नाही, पण तिला ते ओळखता आलं. ती आपल्या खाटेच्या टोकाला बसली.

बाजार उघडला. चारही पडद्यांवर आकडे हलू लागले, रेघा वर-खाली होऊ लागल्या, हिरव्याचा लाल, लालाचा हिरवा. थोरली कापूस आणि सुताकडे तोंड करून उभी होती. पाय किंचित फाकवलेले, हात सैल, चेहऱ्यावर असं काही की धाकटीला वाटलं ही वीस वर्षांनी लहान झाली.

पाठच्या पडद्यावर रंगवाल्या कंपनीची रेघ खाली वाकली. थोडी. मग आणखी. मग विहिरीत बादली सोडावी तशी सरळ खाली. धाकटी बघत होती. थोरली समोर बघत होती.

बऱ्याच वेळानं थोरली वळली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"हे कधी पडलं?"

"मघाशीच."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं," धाकटी म्हणाली, "तुम्हाला ऐकू येतंय."

 थोरली खाटेवर धाकटीच्या शेजारी येऊन बसली. सकाळपासून पहिल्यांदाच. खोलीत डब्याच्या पंख्याची बारीक घरघर तेवढी होती, आणि चारही पडदे न बोलता आपलं आपलं काम करत होते.

"ह्यांना आवाज नाही गं," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं मी कानांनी विणलं. ह्यांना आवाजच नाही, आणि माझ्या ध्यानातच आलं नाही."

दुपारी टेस्टर येऊन घंटी लावून गेला. भाव ठरावीक रेषेखाली गेला की टिंग. पण भाव काय एकदाच जातो? जायचा, यायचा, पुन्हा जायचा. टिंग टिंग टिंग. तासाभरात थोरलीनं ती बंद केली. "ही झाल्यावर बोंबलते. माग आधी कुरकुरायचा."

मंगळवारी तिनं हट्ट सोडला. चारही मॉनिटर टेबलावर, दोनावर दोन, समोर स्टूल. दुपारपर्यंत गुडघे असे धरले की उठताना टेबलाला धरून उठावं लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे सकाळभर ती एकाच पडद्यात डोकं घालून बसली होती, बाकीचे तीन असून नसल्यासारखे. "बसलं की नजर बसते," ती म्हणाली. संध्याकाळी दोघींनी मिळून पुन्हा दोन इकडे, दोन तिकडे केले.  उद्या बुधवार होता.

---

मुलगा दोन रिकाम्या मोठ्या बॅगा घेऊनच आला. दाराशी ठेवल्या. खोली बघितली, चारही पडदे बघितले, भिंतीवरच्या वायरी बघितल्या आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"हे सगळं तू केलंस?"

"टेस्टरनं, काकूनं आणि मी. बूट बाहेर काढ, वायरी आहेत."

त्यानं मॉनिटरच्या पाठी हात फिरवला, डब्याला कान लावला, कार्डाबद्दल विचारलं. थोरलीनं तीन अधिक एकचं गणित आणि मिटलेल्या तोंडाची गोष्ट सांगितली. तो ऐकताना लहान दिसायला लागला. मग बाजार उघडला. थोरलीनं चारही चौकटींवर हात टेकवले आणि वाटेत उभी राहिली. मुलगा शिवणयंत्राच्या स्टुलावर दाराशी बसला. धाकटी आपल्या खाटेच्या टोकाला.

पाऊण तास गेला. थोरलीनं काही घेतलं नाही, काही विकलं नाही. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे.

"आई, करतेस काय?"

"बघतेय."

"बघण्याला काम म्हणतात?"

"अठ्ठावीस वर्षं मला बघण्याचाच पगार मिळाला. माग आपला आपण चालतो रे. बाई बघायला ठेवतात." ती समोरच्या पडद्यावरून नजर न काढता बोलत होती. "धागा तुटला नाही तर तो चांगला दिवस. तुझ्या शाळेच्या फीया असल्याच चांगल्या दिवसांतून गेल्या."

मुलगा हसला. धाकटीला वाटलं, जमतंय. तिनं मनात नाव घ्यायला सुरुवात केली. आणि नाव घेता घेताच तिला पाठच्या डाव्या पडद्यावर ते दिसलं. परवासारखंच. रेघ वाकली. मग पुन्हा वाकली.

बोलावं की नाही? बोललं तर मुलाला कळणार की आईला पाठचं कळत नाही. नाही बोललं तर रंगवाल्यांचे शेअर थोरलीनं कालच घेतलेत. एक क्षण धाकटी दोन्हीकडून अडकली. मग खरं ते खरं, असं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"जाऊबाई, रंगवाले."

थोरली गर्रकन वळली. एकदा बघितलं, माउस हातात घेतला, दोन वेळा टिचकी वाजली. "विकले," ती म्हणाली. तिघंही बघत राहिले. रेघ आणखी खाली गेली, बरीच खाली.

मुलगा स्टुलावरून उठला. "शाब्बास," म्हणाला. मग थोडं थांबून, "आई, खरं सांग. काकू बोलल्या नसत्या तर?"

थोरलीला थाप मारता आली असती. तिनं ती मारावी, असं धाकटीला वाटत होतं.

"कळलं नसतं," थोरली म्हणाली.

मुलगा दोन्हीकडच्या पडद्यांच्या मधे, त्या वाटेत येऊन उभा राहिला. तो उंच होता, वाट त्याला अपुरी पडत होती. "काम आहे, मला पटलं. हसायला आलो होतो, आता नाही हसणार. पण मला शेअरची भीती कधीच नव्हती. तुझे पैसे तू कुठं घालतेस ते पोरानं मोजायचं, असं काही आपल्या घरात नाही. गेल्या वर्षी तू मोरीत चक्कर येऊन पडलीस, तासभर कोणाला पत्ता नाही. आता ह्या खोलीत दिवसभर उभी राहणार, आणि पाठीमागं काय चाललंय ते तुला कळत नाही, हे तूच सांगतेस." त्याचा आवाज उतरला. "बाळाला पाळणाघर बघता येईल. तिथं त्याच्याकडे बघायला चार बाया असतात. तुझ्याकडे कोण बघणार?"

थोरलीनं हातातला माउस फळीवर ठेवला. 

"रविवारी येतो," मुलगा म्हणाला. "तोवर काही सुचलं तर सांग. बॅगा इथंच ठेवतो."

तो गेला. बॅगा दाराशी राहिल्या, त्यांच्या शेजारी बाबागाडी.

बाजार बंद व्हायला अजून अवकाश होता. थोरली वाटेत उभी राहिली, कापूस आणि सुताकडे तोंड करून. धाकटी घरी जायला उठली. तिच्याकडे भाजी निवडायची राहिली होती, आणि आता इथं काही बोलण्यासारखं राहिलं नाही असं तिला वाटलं. पण जायला वाट तीच होती, दोन्हीकडच्या पडद्यांच्या मधून. थोरलीच्या पाठीपाशी आल्यावर तिची पावलं मंदावली. रंगवाल्यांची रेघ खाली जाऊन आता तळाशी आडवी पडली होती. थकल्यासारखी. ती पुन्हा उठेल का? उठली तर कशामुळे? रंग महागले की कपडे शिवणाऱ्यांचं काय होतं? धाकटी बघत उभी राहिली, आणि आपण उभे आहोत हे तिच्या ध्यानात आलं नाही. दोघींची पाठ एकमेकींना जवळजवळ लागली होती.

"तू अजून आहेस होय," थोरली मान न वळवता म्हणाली. "ऐकू आलं मला."

"जातेच आहे."

"थांब जरा." थोरली तशीच समोर बघत होती. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. म्हणून धाकटीनं आपसूक पिशवी खाली ठेवली. "तुला हा जुगार वाटतो, मला माहीत आहे. मी तुला पटवत बसणार नाही. ते तुझं आणि त्याचं, वर बसलाय त्याचं. तुला काही घ्यायला लावणार नाही, विकायला लावणार नाही. आकडेही कळायला नकोत. रेघ वाकली की बोलायचं, एवढंच. मी पडले तरी बोलायचं. माझ्याशी नाही, पोराला फोन करून. मनात देवाचं नाव घेणं चालू राहू दे. मला तुझे डोळे हवेत."

 खिडकीतून दुपारचं ऊन दोन्ही फळ्यांवर पडलं होतं.

"रविवारी पोराला काय सांगायचं ते तुझ्यावर आहे गं," थोरली म्हणाली. "बाजाराचे तेवढे तास, रोज, येऊन माझे पाठचे दोन बघशील का?"